महाशिरांचं बिऱ्हाड

नोकरीच्या तिसऱ्या दिवशी मी एक दोरी नीटनेटकी करायला घेतली आणि सरकारी कामातला माझा उत्साह तिथेच संपला.

आम्ही उमरेडचे विणकर. आमच्या घरात पोराला नीट चालता येण्याआधी गाठ सोडता येते. सुताला गाठ राहिली की ती फणीत अडकते, धागा तुटतो, आणि मग बाप जे बोलतो ते इथं लिहिण्यासारखं नसतं. त्यामुळे कुठेही गाठ दिसली की माझी बोटं मला न विचारता कामाला लागतात. माझ्या लग्नात भटजी मंगलाष्टकं म्हणत होते तेव्हा मी मामाच्या उपरण्याची गाठ सोडत उभा होतो, हे सासरी अजून सांगतात.

साठीचं दशक सरता सरता मला नागपूरला सरकारी मासळी-खात्यात नोंदी ठेवण्याची नोकरी लागली आणि साहेबांनी मला कळमेश्वरच्या वाटेवरच्या चिचघाट तलावावर धाडलं. तलावाच्या पाळीवर एक कौलारू खोपी होती. खोपीत खुंटीला सणाची एक जाड दोरी, तिच्या टोकाला औषधाची रिकामी बाटली, आणि दोरीभर गाठीच गाठी. प्रत्येक गाठीत लाल चिंधी. तलावाचे राखणदार डोमाजी चहा आणायला गेले होते. म्हटलं, ते येईपर्यंत बिचाऱ्यांची दोरी तरी सरळ करून ठेवू.

डोमाजी आले. किटली खाली ठेवली. दोरीकडे पाहिलं, माझ्या मांडीवरच्या चिंध्यांकडे पाहिलं.

"किती सोडल्या जी?"

"सात," मी म्हणालो. आवाजात थोडा अभिमानही असावा. "बाकीच्या लई घट्ट आहेत. पण होतीन."

"राहू द्या बाबू. सात उन्हाळे गेले. बाकीचे राहू द्या." आणि त्यांनी मला बशीत चहा ओतून दिला.

त्या चहाबरोबर मला कळलं की ती दोरी म्हणजे तलावाचं पुस्तक होतं. दरवर्षी अक्षयतृतीयेला, ऐन दुपारी, डोमाजी डोंगा घेऊन तलावाच्या सगळ्यांत खोल भागात जात. बाटलीच्या बुडाला दगड बांधलेला, बुचाला वेगळी सुतळी. बाटली एक हात खाली सोडायची, सुतळीला हिसका देऊन बूच काढायचं, वर ओढायची, आतलं पाणी मनगटाच्या आतल्या बाजूवर ओतायचं. मग दोन हात, मग तीन. जिथं पाणी पहिल्यांदा थंड लागेल तितक्या दोरीवर त्या सालची गाठ. हा उद्योग त्यांच्या वडिलांनी सुरू केला होता. वडिलांच्या गाठी बाटलीच्या जवळ होत्या. डोमाजींच्या तिच्यापासून लांब लांब सरकत गेल्या होत्या. म्हणजे थंड पाणी गाठायला दर काही वर्षांनी दोरी जास्त सोडावी लागत होती. हवामान बदलतंय वगैरे बोलणं तेव्हा आमच्या ऑफिसात कोणी ऐकलेलं नव्हतं. डोमाजी एवढंच म्हणत, "पह्यले वैशाखात बी पहाटे घोंगडी लागे. आता रातची बी भुई थंडी होत नाही, तं पाणी कवा थंडं होईन?"

त्या दुपारी त्यांनी सातही गाठी आठवून आठवून पुन्हा बांधल्या. "हे माह्या यमुनीच्या लग्नाचं साल. हे बैल मेला थे. या साली माही बायको रुसून माहेरी मौद्याले जाऊन बसली होती, मी सारा दिवस डोंग्यातच राहो, म्हणून पक्की आठोते." सातव्या गाठीपाशी मात्र ते जरा थांबले. डोळे मिटले, दोरी दोनदा मागं-पुढं केली, आणि बांधली. ते थांबणं माझ्या मनात कुसळासारखं रुतून बसलं.

डोमाजी ढिवर, पिढीजात मासेमार. उंच, काटक, आणि आयुष्यभर डोंग्यात बसून गुडघे असे वाकलेले की ते उभे असले तरी आताच बसणार आहेत असं वाटे. टोपीत जाळं विणायची बांबूची सुई खोचलेली. तलावावर आलेल्या माणसाशी बोलण्याआधी ते पाण्यात हात घालत. आधी तलावाची चौकशी, मग माणसाची. साहेब आले तरी हाच क्रम. घड्याळ नव्हतं, वेळ बिडीत मोजत. कळमेश्वरची बस यायला दीड बिडी आहे म्हणाले की मी बिनधास्त डबा उघडत असे. मासा मेला असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. "निघून गेला," म्हणत. मरळेविषयी त्यांना फार आदर नव्हता. "थो गुंड हाय. वर येऊन हवा पिते, चिखलात बी राह्यते. त्याले काय होते?" रोहू त्यांच्या लेखी घरंदाज होता. आणि महाशीर म्हणजे पाहुणा.

त्यांच्या वडिलांच्या काळात सातपुड्याकडून येणाऱ्या नाल्याला मोठा पूर आला आणि त्या पुरात काही महाशीर चिचघाटला येऊन राहिले. डोंगराच्या थंड वाहत्या पाण्यातला मासा, रुपयाएवढी खवलं, सोनेरी अंग. तलावाच्या खोल भागात, खडकांच्या आडोशाला त्यांनी संसार थाटला. ढिवरांच्या सोसायटीचा रिवाज होता की पाहुणा जाळ्यात आला तर दोन्ही हातांनी पाण्यात सोडायचा आणि "या जी" म्हणायचं. एकदा मी तो मान घ्यायला गेलो. पाहुण्यानं शेपटीचा असा तडाखा दिला की माझा चष्मा तलावात गेला. डोमाजी म्हणाले, "आता त्याले तुमचं रजिस्टर वाचता येईन."

ते रजिस्टर हाही एक विषय होता. ऑफिसनं मला थर्मामीटर दिला होता. मी रोज दुपारी तो पाण्यात बुडवायचो, बाहेर काढायचो, उन्हात डोळ्यांजवळ नेऊन नीट वाचायचो आणि सुवाच्य अक्षरात लिहायचो. पंधरा दिवस डोमाजींनी हे पाहिलं. सोळाव्या दिवशी म्हणाले, "बाबू, बाहेर लू चालून राहिली अन् तुमी काडी बाहेर काढून पाहता. तुमी हवेचा ताप घेऊन राहिले. पेशंट खाली आहे." मी ती पंधरा पानं चिकटवून टाकली. पुढं मी काडी बाटलीच्या पाण्यातच ठेवून वाचू लागलो आणि त्यांच्या मनगटाशी ताडून पाहू लागलो. मनगट कधी चुकलं नाही. काडी एकदा फुटली.

एका मे महिन्यात आमचे साहेब तलावावर आले. पुण्याकडचे, अभ्यासू माणूस. त्यांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, "वर पाणी तापलं तरी तळ थंड आहे. मासे खाली जातील. चिंता कसली?"

डोमाजींनी पाण्यात हात घातला, बाहेर काढला. "खाली थंडं हाय साहेब. पण खाली दम नाही."

"म्हणजे?"

डोमाजींनी रोहूची तीन बोटुकली घेतली, बोटाएवढी पिल्लं, तीन बांबूच्या टोपल्यांत घातली. डोंगा खोल पाण्यात नेला. एक टोपली वरच तरंगत ठेवली, एक मध्यावर, एक तळाला सोडली. मग बिडी पेटवली. साहेब डोंग्यात दोन्ही कडा घट्ट धरून बसले होते. बिडी संपली. तळाची टोपली वर आली, तर पिल्लू आडवं पडलेलं. वरचं मलूल होऊन तोंड उघडझाप करत होतं. मधल्या टोपलीतल्यानं मात्र उडी मारून साहेबांचा बुशशर्ट भिजवला.

"वर भाजते, खाली दम कोंडते," डोमाजी म्हणाले. "मधात जे राह्यलं थे त्याचं बिऱ्हाड. दरसाल वरून बी कमी होऊन राहिलं, खालून बी. पाहुण्याले तं लईच अडचण."

साहेबांनी चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "हे लिहून घ्या." मी लिहिलं. ते पान पुढं कुठं गेलं ते मला ठाऊक नाही.

आता ज्या उन्हाळ्यामुळे मी हे सगळं लिहितोय त्याकडे येतो. चिचघाटच्या ढिवरांची सोसायटी होती, तिचे अध्यक्ष उरकुडाजी. स्वभावानं वाईट नाहीत, पण बोलणं तिखट. तलावाशेजारी त्यांची थोडी संत्र्याची बाग आणि बांधीव विहीर. सोसायटीचे मासे जूनच्या तोंडाशी काढत, आणि त्या दिवशी पहिलं जाळं फेकायचा मान डोमाजींचा. त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांचा होता. त्या साली अक्षयतृतीयेची गाठ बांधून डोमाजी सभेत आले आणि म्हणाले, "बिऱ्हाड दोन हात राह्यलं. रोहू-कतला आताच काढा. पावसाचं पाणी लवकर येत नाही. महिनाभर थांबान तं सारेच निघून जातीन."

लोकांना त्यांचा शब्द मोडवेना. मासे अजून पुरते भरले नव्हते तरी काढले. डोमाजींनी पहिलं जाळं फेकलं. आणि सहाव्या दिवशी असा अवकाळी बरसला की नाले वाहू लागले, तलाव थंड झाला, आणि थांबले असते तर मासे दीडपट झाले असते हे पोराटोरांनाही कळलं. डोमाजी रस्त्यानं निघाले की कोणीतरी म्हणे, "डोमाजी, छत्री घ्या जी." उरकुडाजींनी सभेत जाहीर केलं की पुढल्या सालपासून पहिलं जाळं आपला पुतण्या नामदेव फेकेल.

डोमाजी म्हणाले, "हौ जी."

त्यांनी माझं नाव घेतलं नाही. सात गाठी एका विणकराच्या पोरानं सोडल्या होत्या, हे त्यांनी गावात कोणालाच कधी सांगितलं नव्हतं. मला त्या सातव्या गाठीपाशीचं थांबणं आठवू लागलं. ती गाठ चुकीच्या जागी बसली म्हणूनच त्यांचा अंदाज चुकला, असं वाटून जेवण जाईना. शेवटी मी सुमनला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मग मले काहून सांगता? जिथं त्यांचं नाव गेलं तिथं जाऊन सांगा."

पुढच्या सभेत मी उभा राहिलो आणि सगळं कबूल केलं. सगळे ऐकत आहेत हे पाहून आवाज थोडा जास्तच जड होऊ दिला. उरकुडाजींनी डोमाजींकडे वळून विचारलं, "काहून गा डोमाजी, हे तुमी सांगितलं काहून नाही?"

"त्यात सांगाचं काय हाय?" डोमाजी म्हणाले. "बाबूच्या गाठीनं काई झालं नाही. दोरी सांगते थंडं पाणी कुठं हाय. पाऊस कवा येईन, हे दोरीले कोनं इचारलं? थे मी आपल्या मनानं बोललो. दोरी बराबर होती, मी चुकलो."

बाहेर आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "बाबू, चूक बी बिडीसारखी अर्धी मांगता काय? माही आहे थे माह्यापाशी राहू द्या."

महिनाभर जपलेला अपराध असा परत आला. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर थोडा अपमान वाटला.

पुढल्या उन्हाळ्यात डोमाजींनी सभेत फक्त माप सांगितलं. "एक हात राह्यलं. पुढचं तुमचं तुमी पाहा." सल्ला दिला नाही. उरकुडाजी म्हणाले, थांबू. थांबले. मृग कोरडा गेला. एका सकाळी मी पहिल्या बसनं उतरलो तर पाळीवर सगळा गाव उभा. तलावाच्या पाण्यावर तोंडंच तोंडं. हजारो मासे वर येऊन हवा मागत होते. त्याचा एक बारीक पचपच आवाज येत होता, तो मी अजून विसरलेलो नाही.

मग एकदम धावपळ झाली. जे जिवंत सापडतील ते काढायला नामदेव आणि बाकीचे जाळी घेऊन उतरले. डोमाजी जाळ्यांकडे फिरकले नाहीत. ते डोंग्यात खोल भागात होते, ओली गोणपाटं अंथरलेली, आणि खडकांपाशी पालथे वाकून हातानं एकेक पाहुणा उचलत होते. अकरा मिळाले. किनाऱ्याला आले तसे थेट उरकुडाजींसमोर उभे राहिले.

"उरकुडा, तुही विहीर दे."

"विहिरीत मासे सोडता? माह्या सुना पाणी कुठून भरतीन?"

"तिथूनच भरतीन. बादल्या पडतीन तं पाण्यात हवा राहीन."

उरकुडाजी तलावाकडे पाहत होते. त्या सकाळी त्यांचा तिखटपणा पार उतरला होता. खालच्या आवाजात म्हणाले, "तुमाले माह्यावर राग नाही आला काय डोमाजी?"

"आला ना. थो पाऊस पडल्यावर काढू. आता विहीर दे."

आम्ही घमेल्यांतून पाहुणे नेले. मी एकच घमेलं नेलं, तेही दोनदा टेकवून. डोमाजी विहिरीच्या कपारीत पाय रोवत खाली उतरले आणि दोरानं सोडलेला एकेक मासा त्यांनी हातांत घेऊन पाण्यात धरून ठेवला, त्याचे कल्ले नीट हलू लागेपर्यंत. पाठीत उसण भरली तरी वर आले नाहीत. चार निघून गेले. सात राहिले. पाऊस बारा दिवसांनी आला, आणि आठवडाभरानं त्यांनी सातही परत तलावात सोडले.

पुढल्या हंगामाला उरकुडाजींनी सगळ्यांसमोर जाळं डोमाजींच्या हातावर ठेवलं. डोमाजींनी ते थोडं चाचपून पाहिलं, एक तुटलेला फासा टोपीतल्या सुईनं सांधला, आणि नामदेवला परत दिलं. "त्याचा हात चांगला हाय," म्हणाले. तो राग त्यांनी काढला की नाही, मला कळलं नाही.

नंतर माझी बदली भंडाऱ्याला झाली. पुढची बारा-तेरा वर्षं मी इतर तलावांचे आकडे लिहीत राहिलो, काडी पाण्यात ठेवून. ऐंशीनंतरच्या एका वैशाखात कळमेश्वरला मेव्हण्याच्या मुलीचं लग्न होतं. परतताना मी सुमनला म्हणालो, चिचघाटला उतरू. इतकी वर्षं नुसतं नावच ऐकत होती ती.

खोपीला कुलूप होतं. डोमाजी उरकुडाजींच्या विहिरीवर सापडले. पार वाळले होते, भुवयाही पांढऱ्या. मला ओळखलं, पण आधी विहिरीकाठच्या डोणीत हात घालून पाहिला. मग म्हणाले, "लठ्ठ झाले बाबू."

पाहुणे आता बारा महिने विहिरीतच होते. "तीन साल झाले," ते म्हणाले, "दोरी चिखलाले लागते तरी पाणी कोमटच. गाठ काय चिखलात बांधू? तलावात आता मरळ हाय. त्याचं चालते. पाहुण्याले तिथं जागा नाही."

इतक्यात उरकुडाजींची धाकटी सून कळशी घेऊन आली. बादली सोडण्याआधी तिनं विहिरीत वाकून हाक दिली, "बादली येऊन राहिली जी." जरा थांबली, मग सोडली. सुमन माझ्याकडे पाहू लागली. डोमाजी म्हणाले, एकदा एकाच्या डोक्यात बादली बसली, तेव्हापासून या घरच्या साऱ्या बाया आवाज देतात. उरकुडाजी जाऊन दोन वर्षं झाली, सुनांनी मोडता घातला नाही. नामदेव कन्हानला कोळशाच्या खाणीत लागला, सोसायटीतली बरीच पोरं तिकडंच गेली.

तळाला पाला कुजला की पाहुण्यांचा दम कोंडतो, म्हणून दर वैशाखात गाळ काढावा लागे. त्या दिवशी तेच काम चाललं होतं. आम्ही नको नको म्हणत असताना सत्तरी उलटलेला तो माणूस घमेलं कमरेला बांधून कपारीत पाय रोवत उतरला. शेवटच्या कपारीवरून पाण्यात शिरला, बुडी मारली, वर आला, घमेलं दोराला लावलं, पुन्हा बुडी. सुमननं काठ घट्ट धरला होता. थोड्या वेळानं अंधारातून एक हात वर आला, पाचही बोटं पसरलेली. पाच पाहुणे उरले होते. डोमाजींचं पांढरं डोकं काळ्या पाण्यावर स्थिर होतं आणि खांद्याजवळून काहीतरी सोनेरी एक वळसा घेऊन गेलं. मी डोमाजींना शेवटचं पाहिलं ते असं. पुढल्या पोळ्याच्या आसपास ते निघून गेले, असं पत्र आलं.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये, नागपूरचा नाका आला तेव्हा सुमन म्हणाली, "त्यांच्या मागं त्या विहिरीत कोण उतरन?"

मी म्हणालो, "सोसायटीतलं पाहीन कोणीतरी."

"सारे तं खाणीवर गेले म्हणत होते ते."

"मग ऑफिसात कळवतो. सविस्तर लिहितो."

"लिहू नका," ती म्हणाली. "तुमी पोहाले शिका."